टायगर यास विमानाने नागपूरला नेणेबाबत

रविवार, २ नोव्हेंबर १९५२. कल्याण.

आजपासून रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज. मागच्या वर्षीची वही नऊ जानेवारीला बंद पडली, पण ती शाई वाईट होती.

काल सौ.चं पत्र आलं. ती नागपूरला जाऊन पावणेदोन महिने झाले. गणपती उरकले आणि मला न विचारता गेली. म्हणजे विचारलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं.

पत्रात लिहिलंय, उत्तराचा ताप हटत नाही, खोकला आहे, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. हल्ली डॉक्टर ऊठसूट फोटो काढतात. आमच्या हेडक्लार्कचा काढला, काही निघालं नाही. तिकडे आत्ता संत्री आंबट असतात, पोरीने खाल्ली असणार. शेवटची ओळ: "उत्तरा टायगरची फार आठवण काढते. त्याला घेऊन आलात तर तिला बरं वाटेल."

वस्तुस्थिती एकदाच लिहून ठेवतो. उत्तरा आमची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी तिने नागपूरच्या एका गृहस्थांशी रजिस्टर लग्न केलं. जात वेगळी. मी गेलो नाही. नंतर तिची चार पत्रं आली, मी उत्तर धाडलं नाही. राग वगैरे काही नाही. मी तिला केव्हाच माफ केलेलं आहे. फक्त कळवलेलं नाही, कारण माफी आधी मागावी लागते. अर्जच नाही तर मंजुरी कशावर लिहिणार?

टायगरचं प्रकरण वेगळं. तिने तो काळ्या तलावाजवळून फ्रॉकच्या ओच्यात घालून आणला तेव्हा मुठीएवढा होता. आज अकरा वर्षांचा आहे. तिचा कुत्रा तिला दिसावा हा तिचा हक्क. मी फक्त पोचवणारा.

निर्णय: टायगरला नागपूरला नेणे. विमानाने.

सोमवार, ३ नोव्हेंबर

ठाण्याला ऑफिसात गुरुदत्त चित्र्यांना बेत सांगितला. रेकॉर्ड विभागात त्यांचं टेबल माझ्या शेजारी. म्हणाले, "हरिभाऊ, संध्याकाळी कल्याणला मेलमध्ये बसा, सकाळी नागपूर. कुत्रा गार्डच्या डब्यात. विमान कशाला?"

साध्या माणसांना साधेच उपाय सुचतात. कारणं दिली. एक, टायगरला इंजिनाची शिट्टी सोसत नाही. दोन, त्याचं वय. चित्रे म्हणाले, तुमचं घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, कुत्रा दिवसभर शिट्ट्या ऐकत झोपलेला असतो. मी म्हटलं, ती दुरून.

कारण तीन त्यांना सांगितलं नाही. मेलने गेलो तर बोलावल्याबरोबर धावत आला असं दिसेल. विमानाने येणारा माणूस धावत आलेला दिसत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

विमान कंपनीला इंग्रजीत पत्र. तिसऱ्या मसुद्यात जमलं. टायगरचं वर्णन "अंशतः अल्सेशियन" असं केलं. कान पाहता ते खोटं म्हणता येणार नाही. एक कान पाहता.

सौ.ला कार्ड टाकलं: "टायगरच्या प्रवासाची कार्यवाही सुरू आहे. काळजी नसावी." उत्तराच्या तब्येतीचं विचारायला जागा उरली नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

तीन दिवस लिहिलं नाही. ऑफिसात काम फार.

आज शिक्षणाला सुरुवात. विमानाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून टायगरला पिठाच्या गिरणीत नेलं आणि पट्ट्याशेजारी पाऊण तास बसवलं. तो पाच मिनिटांत झोपला. मला गरगरलं. गिरणीवाल्याने पाणी दिलं, आणि दळण कुठाय विचारलं.

मग हेलकाव्यांची सवय. झोपाळ्यावर घेऊन बसलो. इथेही तो झोपला, मी उलटी केली. एकंदरीत प्रगती समाधानकारक आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

कंपनीचं उत्तर! कुत्रा नेता येतो. मजबूत पेटी हवी, तीत जनावराला उभं राहता आणि वळता आलं पाहिजे, शिवाय जनावरांच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट. पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. खाली मोठ्या साहेबाची सही आहे. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. कल्याणातून विमानाने गेलेला पहिला कुत्रा टायगरच असेल. चित्रे म्हणाले, असेल बुवा.

त्याच टपालाने सौ.चं पत्र. उत्तरा आता उठून बसत नाही. इंजेक्शनं चालू आहेत. "कुत्र्याचं जमत नसेल तर राहू दे. तुम्ही या."

बायकांचं हे असंच. आधी मागणी करायची, आणि आपण यंत्रणा हलवली की म्हणायचं राहू दे. आता मागे फिरलो तर कंपनीच्या साहेबाला काय वाटेल? पेटीची मापं कार्डावर लिहून पाठवली, म्हणजे तिकडे ठेवायला जागा करतील.

शनिवार, १५ नोव्हेंबर

शहाडचा धाकू सुतार पेटी घेऊन आला. काम सुबक. बाजूला मी सांगितल्याप्रमाणे इंग्रजीत TIGER असं रंगवलं आहे.

टायगर आत जात नाही. बिस्किट टाकलं, बोंबलाचं डोकं टाकलं. शेवटी धाकूने पुढून ओढला, मी मागून ढकलला. आत गेला, पण वळता येईना. मापं झोपलेल्या कुत्र्याची घेतली होती. धाकू म्हणाला, "साहेब, मी विचारलं होतं, उभा करू का त्याला." म्हणाला असेल. एक आठवडा मागतोय. नव्या पेटीवर TIGER च्या आधी LIVE असं रंगवायला सांगितलं, म्हणजे आतला प्राणी जिवंत आहे हे हमालांना कळेल.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

भांडी घासायला येणारी मालन आज फार बोलली. रेतीबंदराकडची बाई, जिभेला हाड नाही. म्हणाली, "दादा, पोर तकरं निजलीय नि तुमी कुतऱ्याला कसली पेटी करताव? आदी जाऊन बगा ना तिला." मी समजावलं की कुत्र्याची मागणी तिचीच आहे. मालन म्हणाली, "मानूस आजारी परला का आईबापूस मागतं, कुतरा नाय मागत." आणि कढई जोरात आपटली.

अशिक्षित माणसाशी वाद घालू नये. कढईला पोचा आलाय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

ऑफिसातून आलो तर दारात तारवाला. त्या गृहस्थांची तार. "उत्तरा सीरियस स्टार्ट इमीजिएटली."

थोडा वेळ ओटीवर बसलो.

मग शांतपणे विचार केला. तारेचं हे असंच असतं. शब्द मोजून पाठवायचे असतात, म्हणून प्रत्येक शब्द वजनदार घालतात. शिवाय सही त्या गृहस्थांची, सौ.ची नाही. खरोखर तसं काही असतं तर सौ.ने स्वतः केली असती. तिला तार करता येत नाही हे खरं, पण सांगून करवली असती.

सीरियस म्हणजे गंभीर. गंभीर माणूस गंभीर असतोच. उत्तरा लहानपणापासून गंभीर.

उलट तार केली: "टायगर क्रेट रेडी सॅटरडे." तारमास्तरने मजकूर दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. ओळखीचा आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कंपनीच्या फोर्टातल्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक सुटाबुटातला तरुण. म्हणाला, उद्याच्या विमानात एक जागा आहे. मी म्हटलं, सोबत कुत्रा आहे. तो म्हणाला, मग पुढचा गुरुवार, सत्तावीस तारीख, सामानाची मोठी जागा तेव्हा रिकामी आहे. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, आपल्याला घाई आहे का?

मी नाही म्हटलं.

तिकीट सत्तावीसचं. नीट घडी घालून पंचांगात ठेवलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पेटी आली. टायगर तीत उभा राहतो, वळतो, आणि मागच्या मागे बाहेर येतो. बिजागरी बदलायची.

अर्धा दिवस होता म्हणून त्याला ठाण्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने नळी लावली, डोळे उघडून पाहिले, म्हणाला, कुत्रा म्हातारा आहे, हृदय कमजोर, एका डोळ्यात मोतीबिंदू. का नेताय याला? घरी मरू द्या.

मी म्हटलं, माझी मुलगी आजारी आहे, तिला याला पाहायचंय.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोललो नव्हतो. बोलल्यावर दारापर्यंत जाऊन आलो. दवाखान्यात औषधांचा वास फार.

डॉक्टरने सर्टिफिकेट दिलं. खाली "मालकाच्या जबाबदारीवर" असं लिहिलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

चित्रे ठाण्याहून मुद्दाम घरी आले. कधी येत नाहीत. चहा घेतला नाही. म्हणाले, "हरिभाऊ, आज संध्याकाळची मेल पकडा. कुत्रा मी सांभाळतो. साहेबांना रजेचं मी सांगतो." मी तिकीट दाखवलं. ते म्हणाले, "तिकीट ठेवा हो. मला दोन मुली आहेत, म्हणून सांगतो." मला त्यांचं हे मुलींचं बोलणं अप्रस्तुत वाटलं.

ते गेल्यावर, निव्वळ पाय मोकळे करायला, स्टेशनवर गेलो. हातात पिशवी होती. पिशवीत एक धोतरजोडी, दाढीचं सामान आणि उत्तराची चार पत्रं. कशी आली माहीत नाही. तिकिटही काढलं होतं, ते फक्त प्लॅटफॉर्मवर जायला अडचण नको म्हणून. नागपूरचं काढलं, कारण खिडकीवरच्या माणसाने "कुठलं?" असं एकदम विचारलं.

मेल आली. तिसऱ्या वर्गाचा डबा अगदी समोर थांबला. दारातल्या एका शिखाने हात पुढे केला, "आ जाओ बाबूजी." मी एक पाय पायरीवर ठेवला.

मग वाटलं, दारात उभा राहून म्हणू काय? टायगर बरोबर असता तर म्हणता आलं असतं, हा घे तुझा कुत्रा. मग ती त्याला जवळ घेईल, तो शेपूट हलवेल, दोघांचा गलका होईल, आणि मधल्यामध्ये मी बसून जाईन. नुसताच गेलो तर ती माझ्याकडे बघेल.

शिट्टी झाली. पाय काढून घेतला.

घरी आलो. टायगरला जेवण घालायचं राहिलंच होतं. बरं झालं आलो ते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज मन का कोण जाणे फार हलकं आहे. बिजागरी बसली. टायगरला गरम पाण्याने आंघोळ घातली. तो मला चावला, पण दात नाहीत.

उत्तराला काय म्हणायचं ते ठरवलं. "टायगरला सोडायला आलो होतो. तू कशी आहेस?" दुसरं वाक्य सहज, जाता जाता म्हणायचं. आरशापुढे चारपाच वेळा म्हणून पाहिलं. जरा कडक येतं. उद्या आणखी सराव.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सकाळी आणखी एक तार आली. उघडली नाही. तीच भाषा असणार, आणि उद्या तर निघतोच आहे. कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

मालनने तारवाल्याला पाहिलं होतं. तार काय आहे, म्हणाली. मी म्हटलं, कंपनीची, विमान वेळेवर आहे म्हणून. तिने जाताना टायगरच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि देवापुढचा दिवा न विचारता लावून गेली.

वाक्याचा सराव केला नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. विमानात.

हस्ताक्षर हलतंय, विमान हलतंय म्हणून.

तानाजीच्या टॅक्सीने सांताक्रूझ गाठलं. पेटी डिकीत बसेना, टपावर बांधली. टायगर कल्याणपासून सांताक्रूझपर्यंत राजासारखा टपावरून आला. विमानतळावर दोघा हमालांनी पेटी वजनाच्या काट्यावर ठेवली. साहेबाने सर्टिफिकेट पाहिलं, शिक्का मारला. एकही हरकत निघाली नाही. एकही नाही! साडेतीन आठवड्यांच्या तयारीचं हे फळ. चित्र्यांना कळवायला हवं.

आता वर आहोत. खाली घाट असावेत. शेजारी एक व्यापारी आहेत, त्यांनी विचारलं, कामानिमित्त? मी म्हटलं, मुलीकडे. त्यांनी विचारलं, मग कुत्रा? मी म्हटलं, तोही मुलीकडेच.

दोनदा कागदी पिशवी वापरावी लागली. विमानातली बाई फार सभ्य, लिंबाची गोळी दिली.

गोळी संपली तोवर खाली काळी जमीन, शेतं, मग घरं. मला वाटलं मध्ये कुठे थांबतंय. बाई म्हणाली, नागपूर.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. नागपूर.

काल लिहिलं नाही.

सोनेगावच्या विमानतळावर टांगा केला. पेटी मागे बांधली. घर धंतोलीत, पत्ता पाकिटांवरून पाठ होता. दारात चपला फार होत्या. मला वाटलं, कुणी तब्येत विचारायला आलं असेल.

ते दारात आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. उंच आहेत, चष्मा आहे, दाढी वाढलेली. वाकून नमस्कार केला. म्हणाले, "तार मिळाली ना?" मी म्हटलं, मिळाली. ते म्हणाले, "थांबता येईना. काल सकाळी आटोपलं सगळं."

टांगेवाला विचारत होता, पेटी कुठे ठेवू.

मंगळवारी दुपारी गेली. मी टायगरला आंघोळ घालत होतो.

खोलीत सौ. भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मी समोर बसलो. तिने विचारलं, कशाने आलात? मी म्हटलं, विमानाने. किती वेळ लागला? मी म्हटलं, पावणेतीन तास.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "टायगरचं तिने कधी काढलंच नव्हतं. ते मी माझ्या मनाने लिहिलं. म्हटलं, नुसतं बोलावलं तर तुमचा पाय निघणार नाही. काहीतरी निमित्त द्यावं."

मी विचारलं, मग ती काय म्हणायची?

"बाबा निघाले का. एवढंच. तुमची तार आली ती तिला वाचून दाखवली. तिला वाटलं क्रेट म्हणजे एखादी गाडीच आहे, शनिवारी सुटणारी. रविवारी सकाळपासून दाराकडे तोंड करून निजली होती."

मी उठून अंगणात गेलो.

टायगरला पेटीतून काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी काढला. पाणी ठेवलं. तो प्यायला आणि अंगणात उन्हात झोपला. घर हुंगलं वगैरे काही नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी सुधीर म्हणाले, नगरपालिकेत नोंद करायची आहे, माझ्याने एकट्याने होणार नाही, तुम्ही येता का? तुम्हांला कागदपत्रांची सवय आहे.

बरोबर गेलो. सायकल-रिक्षात त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्यांनी तो काढून घेतला नाही, मीही नाही.

कारकून माझ्याच वयाचा, शाई लागू नये म्हणून बाह्यांना माझ्यासारखीच काळी कापडं. रजिस्टरही आमच्याकडे असतं तसंच. मयताचं नाव विचारलं. सुधीर म्हणाले, उत्तरा सुधीर वानखेडे. मी हे नाव पुरं कधी ऐकलं नव्हतं. पाकिटाच्या पाठीवर असायचं, मी तेवढ्यावर बोट ठेवून पाकीट फोडायचो.

वय? सुधीर थांबले. मी म्हटलं, तेवीस वर्षं, चार महिने. कारकुनाने नुसतं तेवीस लिहिलं.

आजार किती दिवस? डॉक्टर कोण? शेवटी जवळ कोण होतं? सुधीर म्हणाले, मी आणि तिची आई. तो लिहीत गेला. अक्षर चांगलं आहे.

मग टाक दौतीत बुडवून माझ्याकडे वळला. आपण कोण?

वडील, मी म्हटलं.

आपण होतात?

मी म्हटलं, मी कल्याणला असतो.

त्याने टाक झटकला आणि पुढच्या ओळीवर गेला. ते त्याने लिहून घेतलं नाही. तसा रकाना नव्हता.